काशीला सोडलेला गहू

माणसाला आजार व्हावा तर असा व्हावा, की नाव ऐकताच समोरच्याने निदान खुर्ची पुढे करावी. माझ्या आजाराचं नाव सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग औषध सांगतात. मला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे हो, चांगला आवडतो. पोळीच्या नुसत्या वासाने मी अजूनही हळवा होतो. पण पोटात गेला की तीन दिवस मी माणसात राहत नाही.

हे कळायला सात वर्षं लागली. भोरात आमचं सगळं करून झालं. आव झाली, जंत झाले, दृष्ट काढून झाली, कुड्याचं मूळ उगाळून झालं. वजन चव्वेचाळीस किलोवर आलं तेव्हा नलूने, म्हणजे आमच्या मंडळींनी, मला धरून पुण्याला नेलं. तिथे विलायतेहून शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी मला दोऱ्याला बांधलेली धातूची कुपी गिळायला लावली आणि काही तासांनी ती परत ओढून काढली. विहिरीत पडलेली कळशी काढतात ना, तशी. मग म्हणाले, सीलिॲक. गहू आयुष्यभर बंद. गव्हाचा कणसुद्धा नको.

तो कण मला फार महागात पडला, आणि माझ्याहून जास्त नलूला. गिरणीत ज्वारी टाकावी तर आधीच्या माणसाचा गहू तिच्यात उतरतो. गिरणीवाल्याला सांगितलं की आमचं दळण गिरणी धुऊन काढ, तर त्याने मला गिरणी कशी धुतात ते विचारलं. शेवटी नलूने माळ्यावरचं जातं खाली काढलं. १९७१ साली, माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर, भोरसारख्या तालुक्याच्या गावी, एका कारकुनाची बायको रोज पहाटे जात्यावर बसायला लागली. तीन वर्षं बसली. कुणाकडे जेवायला जायचं तर माझा डबा घेऊन जायची, आधी मला वाढायची आणि मग तिथल्या बायकांना माझा आजार समजावून सांगता सांगता स्वतःचं गार झालेलं जेवायची.

तर १९७४च्या दिवाळीनंतर एकदा दळता दळता ती थांबली. खुंटा तसाच हातात. मला म्हणाली, "अहो, एकदा मला दुसऱ्या कुणी रांधलेलं, तुमच्या शेजारी बसून, गरम गरम जेवायचंय. एकदाच. मग पुन्हा दळीन."

यात रडारड नव्हती की तक्रार नव्हती. पण मला एकदम फार लाज वाटली. मी लगेच छाती काढून सांगितलं, "एवढंच ना? हॉटेलात जाऊ." भोरात हॉटेलं आहेत, कापूरहोळला धाबे आहेत, मी सरकारी नोकर आहे, तोंडात जीभ आहे. अवघड काय आहे यात?

आधी मी एकट्याने रंगीत तालीम करायचं ठरवलं. नलूचा दिवस फुकट जायला नको. ऑफिसच्या टाइपरायटरवर एक कागद तयार केला. 'अर्जदारास गहू, रवा, मैदा, कणीक व तत्सम पदार्थ वर्ज्य असून' अशी सुरुवात करून खाली नऊ कलमं टाकली. तवा वेगळा असावा. पळी वेगळी असावी. तळणीचे तेल वेगळे असावे. कलम सातला दोन पोटकलमं होती. हा कागद घेऊन मी जगनशेठच्या खाणावळीत गेलो.

जगनशेठने कागद सुलटा धरून आणि उलटा धरून वाचला. मी पुरवठा शाखेत कारकून, हे त्याला माहीत होतं. त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, तपासणी आली. कणकेत काही भेसळ नाही, साखरेचा परवाना चालू आहे, असं तो सांगायला लागला. मी म्हटलं, तसं नाही, मला गव्हाने आजार होतो. यावर मात्र तो दुखावला. साऱ्या पुणे जिल्ह्यात गव्हाने कुणाला काही झाल्याचं त्याने ऐकलं नव्हतं आणि ते नेमकं त्याच्या खाणावळीत येऊन सांगितलेलं त्याला आवडलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी ओवा सुचवला. एकाने सकाळी अनशापोटी एरंडेल सांगितलं. मी म्हटलं, बरं, नुसता भात आणि आमटी द्या. भातात गहू कुठला?

भातात नव्हता. आमटीत होता. आमटीला हिंग होता आणि डबीतल्या त्या हिंगात कणीक मिसळलेली असते, हे मला तीन दिवसांनी, उठून बसता यायला लागल्यावर, नलूने सांगितलं. कागदात हिंगाचं कलम राहून गेलं होतं. दहावं कलम टाकून मी कापूरहोळला गेलो.

तिथला मानसिंग भला माणूस. मोठा धाबा, मोठ्या मिश्या. त्याने कागद न वाचताच मला परत दिला आणि म्हणाला, "पथ्य हाय ना सायेब, मंग झालं. हिंग न्हाई, काय न्हाई. गरम भात देतो आन् तूप." मला गहिवरून आलं. मग त्या भल्या माणसाने कोपरापर्यंत कणकेने माखलेले दोन्ही हात भातात घालून माझ्या ताटात प्रेमाने डोंगर रचला. मी त्या डोंगराकडे पाहत बसलो. मानसिंग माझ्याकडे पाहत बसला. शेवटी मला एकदम एस.टी. आठवली आणि पळालो. अजून मी त्या धाब्यावरून जाताना खिडकी सोडून आतल्या बाजूला बसतो.

आमच्या शेजारी श्रीपादराव राहतात. पेन्शनर. गावातल्या कुठल्याही अडचणीवर ते ओट्यावर बसल्या बसल्या तोड काढतात आणि अडचण दुप्पट झाली की आत जाऊन झोपतात. माझी सगळी हकिगत ऐकून ते म्हणाले, "गंगाधरपंत, तुमचं मुळातच चुकलं. आजार म्हटला की लोक औषध सांगतात. काशीला गहू सोडलाय म्हणून सांगा, कुणी चकार शब्द काढणार नाही."

काशीला गेलं की आवडीची एखादी वस्तू तिथे कायमची सोडून यायची, ही आपल्याकडची रीत. बहुतेक लोक हुशार असतात, ते पडवळ सोडून येतात. आमच्या एका आत्यांनी कारलं सोडलं होतं आणि त्या त्यागाबद्दल त्या शेवटपर्यंत बोलत होत्या. मी स्वतः साताऱ्याच्या पलीकडे गेलेलो नाही. पण नलू रोज पहाटे दळत होती आणि मला एवढंसं खोटं बोलायला काही हरकत दिसेना. या माझ्या 'एवढ्याशा'बद्दल मी पुढे चांगली अद्दल भोगली.

जगनशेठच्या खाणावळीत मी पुन्हा गेलो. कागद खिशातच ठेवला आणि खाली बघून हळूच म्हटलं, "काशीला गहू सोडलाय."

काय सांगू! खाणावळीचा नूरच पालटला. आतून जगनशेठच्या आई धोंडाबाई बाहेर आल्या. सत्तरी उलटलेली बाई. त्यांनी जगनला बाजूला केलं, तवा राखेने घासून घेतला, पळ्या उकळत्या पाण्यातून काढल्या, हिंगाची डबी उचलून फेकून दिली आणि निराळ्या शेगडीवर स्वतः तांदळाची भाकरी थापली. नऊ कलमं, दोन पोटकलमं आणि दहावं कलम त्या बाईने न वाचता पाळलं. गहू म्हणजे अन्नच की, एवढं कुणी सोडतं का, असं म्हणत त्यांनी काशी कशी आहे ते विचारलं. मी म्हटलं, गर्दी असते. त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि मला काही कळायच्या आत वाकून माझ्या पायाला हात लावला.

माझ्या आईच्या वयाची बाई. मी नको नको म्हणत उभा राहिलो, पण खरं सांगितलं नाही. भाकरी गरम होती. खाल्ली. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले, पोट शांत. मी नलूला म्हटलं, येत्या रविवारी दुपारी बारा वाजता जगनशेठकडे जायचं. तिने ट्रंकेतून अंजिरी रंगाचं लुगडं काढून दांडीवर टाकलं.

लुगडं दांडीवर असतानाच गावाला कळलं.

पहिल्यांदा शुभदा आली, श्रीपादरावांची सून. तिच्या हातात झाकणाचा गडू होता. तिच्या माहेरी आजोबा शेवटच्या घटका मोजत होते, दोन थेंब गंगा हवी होती. मी म्हटलं, संपली. मग आणखी तीन गडू आले. वेल्ह्याच्या कचेरीतल्या एका गृहस्थांनी कंडक्टरच्या हाती रिकामी बाटली पाठवली आणि वर निरोप, भरून द्यावी. मी नीरेचं पाणी भरून द्यावं की काय, इथपर्यंत येऊन पोचलो होतो. केलं नाही, एवढं तरी लिहून ठेवतो.

पण गडू परवडले. खरी फजिती पुढे होती. काशीहून आलं की मावंदं घालावं लागतं, गावजेवण, पुरणपोळीचं. ते मी घातलं नव्हतं. चंद्राबाई म्हणून आमच्या बोळाच्या तोंडाशी राहतात, त्यांनी बोळभर सांगितलं, की लोकांना जेवायला घालावं लागू नये म्हणून गंगाधरपंत चोरून काशी करून आले. हे माझ्या फार जिव्हारी लागलं. मी काशीला गेलोच नव्हतो, तरीही मला कुणी चिक्कू म्हणावं? मी श्रीपादरावांकडे गेलो. ज्यांनी मला काशीला पाठवलं तेच माझ्या बाजूने बोलणार, दुसरं कोण? श्रीपादराव म्हणाले, लोकांचंही बरोबर आहे, आणि बोटं मोजून त्यांनी पंचेचाळीस पानांचा आकडा काढला. त्यात त्यांची सहा होती.

मी घरी येऊन नलूला सांगितलं. ती जात्यापाशी नाचणी निवडत होती. हातातली मूठ तिने सुपात सोडली. मग म्हणाली, "म्हणजे मला एका दुपारची सुट्टी मिळावी म्हणून मी पंचेचाळीस माणसांच्या पोळ्या लाटायच्या. आणि त्याही गव्हाच्या."

तीन वर्षं तिने आमच्या घरात गव्हाचा दाणा येऊ दिला नव्हता.

आता यावर देवाला दया आली म्हणावं, तर तोही आमच्या ऑफिसातलाच निघाला. शुक्रवारी सकाळी हेडक्लार्कसाहेबांचा मेमो टेबलावर. 'आपण रजेचा अर्ज न देता व मुख्यालय सोडण्याची परवानगी न घेता काशी येथे गेल्याचे समजते. तरी तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' मी जाऊन तोंडी सांगितलं की साहेब, ते नुसतं बोलायचं म्हणून. ते म्हणाले, बोलायचं म्हणून गेलात की कसे गेलात ते लिहून द्या. माझी पगारवाढ जानेवारीत होती. काशीला गेलो म्हणावं तर नोकरीत डाग, नाही म्हणावं तर गावात तोंड काळं. पंधरा वर्षं मी दुसऱ्यांचे खुलासे मागवले, पण माणूस खुलासा लिहिताना एवढा घामाघूम होतो हे मला ठाऊक नव्हतं. अखेर लिहिलं. 'अर्जदार काशी येथे कधीही गेलेला नाही. हॉटेलात जेवण मिळावे या हेतूने अर्जदाराने तसे सांगितले होते.'

खुलासा आवक-जावकला गेला, तिथून शिपायाकडे, शिपायाकडून चहाच्या टपरीवर. संध्याकाळी मी घरी जाताना जगनशेठच्या दारात धोंडाबाई उभ्या होत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आजार हाय म्हणून मला सांगायचं होतंत, पंत. म्या काय भाकर दिली नसती व्हय?"

 पहिल्यांदा मी आजार सांगितला होता तो जगनला. त्यांना कुठे सांगितला होता? स्वयंपाकघरात कोण आहे ते मी विचारलंच नव्हतं, गल्ल्यावरच्या माणसाला कलमं वाचून दाखवली होती. मी मान खाली घालून चालू लागलो. मावंदं टळलं, पण रविवारचा बेतही गेला. घरी आलो तर दांडीवर लुगडं नव्हतं. तिने घडी करून ट्रंकेत ठेवलं होतं.  शनिवारी पहाटे जात्याची घरघर सुरू झाली, तेव्हा मी डोक्यावरून पांघरूण घेतलं.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. माझ्या शेजारच्या टेबलावर कुंडलिक बसतो, आवक-जावकचा कारकून. हिर्डोशीचा. माझ्या खुलाशावर आवक क्रमांक त्यानेच टाकला होता. आठवडाभर सगळं ऑफिस माझ्याशी काशीबद्दल बोलत होतं, हा एकटा बोलला नव्हता. बाबासाहेबांच्या मागून त्याच्या घरातल्यांनी धम्म घेतला त्याला अठरा वर्षं झाली होती. काशीला काय सोडलं नि काय धरलं, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. टेबल आवरता आवरता तो म्हणाला, "भाऊसाहेब, काशीचं राहू द्या. पोटाचं सांगा."

मी सांगितलं. तवा, पळी, गिरणी, हिंग, सगळं. जात्याचं सांगितलं आणि नलू काय म्हणाली तेही सांगितलं. त्याने मध्येच थांबवलं. म्हणाला, "आमच्या गावी भात पिकतो आणि नाचणी. रेशनचा गहू मिळतो तो आई बाहेरच्या बाहेर देऊन टाकते, तिला पोळी लाटायचा कंटाळा. हिंग तिला ठाऊक नाही. जातं आहे. उद्या वहिनींना घेऊन या."

मला खरं लिहायचंय, म्हणून हेही लिहितो. बारा वर्षं आम्ही टेबलाला टेबल लावून बसलो होतो. त्याने मला दोनदा घरी बोलावलं होतं, एकदा थोरल्या मुलीच्या बारशाला आणि एकदा घर शाकारल्यावर. दोन्ही वेळा मला काम निघालं होतं. तेव्हा मला गव्हाचं काही माहीत नव्हतं. म्हणजे न जाण्याचं कारण गहू नव्हतं. कुंडलिकला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं आणि तरी तो उद्या या म्हणत होता. मी भोरभर सुरक्षित जागा शोधत फिरलो, धाबे पालथे घातले, देवाला मध्ये घातलं, पण माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर विचारलं नाही.

घरी येऊन मी नलूला सांगायला लागलो, की कुंडलिक म्हणजे आपला तो, त्यांच्याकडे, म्हणजे तुझी हरकत नसेल तर. तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"गाडी किती वाजता आहे?" तिने विचारलं आणि ट्रंक उघडली.

हिर्डोशीला दिवसात दोन गाड्या. सकाळची गाव यायच्या आधीच पंक्चर झाली, म्हणून शेवटचे दीड कोस चाललो. अंजिरी लुगड्याचा काठ धुळीने भरला. नलूच्या पिशवीत काहीतरी जड होतं, ते ती माझ्याजवळ देईना.

कुंडलिकच्या आई सरूबाई अंगणात वाट पाहत होत्या. त्यांनी मला औषध सांगितलं नाही. काय खाल्लं की त्रास होतो, हे त्यांना लेकाने सांगितलं होतं. त्यांनी मला विचारलं, "मंग काय खाल्लं की बरं वाटतं, भाऊ?" सात वर्षं अधिक तीन वर्षं, हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मला चटकन आठवेना. मग म्हटलं, नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी. त्या हसल्या. चुलीवर तेच होतं, शिवाय हुलग्याचं कढण आणि नव्या तांदळाचा भात.

पानं मांडली तेव्हा नलूने हळूच पिशवीतून डबा काढून पाठीमागे सरकवला. सरूबाईंनी पाहिलाच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या भाकऱ्या होत्या त्यात, पहाटे उठून केलेल्या. नलू कावरीबावरी होऊन म्हणाली की तसं काही नाही, तीन वर्षांची सवय, हात आपोआप करतात. माझ्या मनात आलं, आता हाही दरवाजा बंद. सरूबाईंनी डबा उघडला, एक भाकरी बोटांनी दाबून पाहिली आणि आपल्या ताटात घेतली.

"तुज्या हातची म्या खाते," त्या म्हणाल्या. "माज्या हातची तू खा. फिटलं."

आम्ही एका ओळीत बसलो. कुंडलिकची बायको गीताबाई वाढत होती. नलू दोनदा उठायला गेली आणि दोन्ही वेळा सरूबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. मग मात्र ती जेवली. तीन भाकऱ्या. मी मोजल्या नाहीत असं म्हणणार होतो, पण मोजल्या. गरम भाकरीचा पापुद्रा फुंकून फुंकून, बोलण्याचं नाव न घेता ती जेवत होती आणि मी माझं जेवायचं सोडून तिच्याकडे पाहत होतो. सोळा वर्षांत मी तिला गरम जेवताना पाहिलं नव्हतं. बाकी लोक बायकोला पैठणी आणतात.

हात धुऊन आलो तर ती भिंतीला टेकली होती. बाजूला सरूबाईंचं जातं होतं, त्यावर हात ठेवून बसल्या बसल्या तिला झोप लागली होती. तोंड थोडं उघडं. सरूबाईंनी तिच्या अंगावर वाकळ टाकली आणि पोरांना बाहेर हाकललं.

चारला परतीची गाडी होती. पावणेचारला कुंडलिक म्हणाला, "वहिनींना उठवायचं का?" मी दारात जाऊन उभा राहिलो. नलू कुशीवर झाली होती. वळणावर गाडीचा हॉर्न वाजला, मग आणखी एकदा, आणि गाडी गेली. पुढची सोमवारी सकाळी. कुंडलिकने रजेचा अर्ज आधीच देऊन ठेवला होता. तो हुशार माणूस.

सोमवारी ऑफिसात पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. पोट उत्तम होतं. टेबलावर मेमो होता. 'आपण परवानगी न घेता मुख्यालय सोडून हिर्डोशी येथे मुक्काम केल्याचे समजते. तरी लेखी खुलासा करावा.'

या वेळी मला घाम आला नाही. मी कागद ओढला आणि एका दमात लिहिलं. 'अर्जदार हिर्डोशी येथे जेवावयास गेला होता, हे खरे आहे. परतीची गाडी आली तेव्हा अर्जदाराची पत्नी झोपली होती. अर्जदाराने तिला उठवले नाही.'

मंगळवारी कुंडलिक कामावर आला. त्याने खुलासा दोनदा वाचला, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि शिपायाला हाक न मारता स्वतः उठून आत देऊन आला.